प्रकाशातल्या गाळलेल्या जागा

एक नळी डोळ्यांपुढे आणा. तोंड जेमतेम एक चौरस सेंटिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. लांबी मात्र काही लाख प्रकाशवर्षं. ती दोन दीर्घिकांमधल्या अवकाशात आडवी टाका आणि आत सापडतील तेवढे हायड्रोजनचे अणू मोजा. ज्यांचा इलेक्ट्रॉन अजून शाबूत आहे, असेच अणू धरायचे. पुष्कळ ठिकाणी ही मोजदाद दहा लाख कोटींच्या आसपास येते. आकडा भारदस्त वाटतो खरा, पण आपल्या खोलीतल्या हवेच्या एका घनसेंटिमीटरात याच्या पंचवीस लाख पटींहून जास्त रेणू असतात. लाखो प्रकाशवर्षं लांब नळीतला तो सगळा ऐवज खोलीतल्या हवेइतका दाबून बसवला, तर त्याचा थर होईल चार नॅनोमीटरचा. माणसाचा केस याच्या सुमारे वीस हजार पट जाड असतो.

आणि हा थर आपल्याला दिसतो. हजार कोटी वर्षांपूर्वीचा, पृथ्वीवर उभ्या केलेल्या दुर्बिणीतून! कृष्णविवरांच्या टकरींना मथळे मिळतात. माझ्या मते त्याहून अचाट गोष्ट ही आहे.

‘दिसतो’ म्हणणं थोडं ढिलं झालं. हा वायू स्वतः जवळजवळ उजळतच नाही. त्याच्या पलीकडे एखादा प्रखर दिवा असेल, तर त्या दिव्याच्या प्रकाशातला एक बारीकसा हिस्सा तो काढून घेतो, आणि जे पोचलं नाही त्यावरून आपण वायू ओळखतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सगळ्यात खालच्या पातळीवरून लगेच वरच्या पातळीवर चढतो, तेव्हा त्याला नेमका १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. या छटेला ‘लायमन-अल्फा’ म्हणतात. तिच्या बाबतीत अणू विलक्षण हावरा असतो. त्याचा स्वतःचा आकार जेवढा, त्याच्या शेकडो पट मोठं लक्ष्य असल्यासारखा तो हा प्रकाश अडवतो. म्हणून तो चार नॅनोमीटरचा ऐवजही त्या एका छटेतला जवळपास निम्मा प्रकाश खाऊ शकतो. शेजारच्या छटांना तो हातही लावत नाही. अडवलेला प्रकाश अणू लगेच परत फेकतो, पण कुठल्याही दिशेला. आपल्या वाट्याचा गेला तो गेलाच. वर्णपटात त्या जागी एक काळी रेघ उमटते. हीच शोषणरेषा.

आता दिवा कुठला? तारे कामाचे नाहीत, एवढ्या अंतरावरून त्यांचा प्रकाश पुरत नाही. हवे असतात क्वेसार: दीर्घिकेच्या गाभ्यातल्या अवजड कृष्णविवराभोवती चक्राकार फिरत आत पडणारा, तापून लखलखणारा वायू. या दिव्याची ओळख पटली ती १९६३च्या फेब्रुवारीत. त्याच्या आदल्या वर्षी सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीतून एक युक्ती केली होती. ‘३सी २७३’ नावाचा रेडिओस्रोत चंद्राआड जाताना नेमका कधी मावळतो हे पाहून त्यांनी त्याची जागा पक्की केली. त्या जागी होता एक साधा ताऱ्यासारखा ठिपका. मार्टिन श्मिट यांनी पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला, तर त्यातल्या रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. शेवटी लक्षात आलं की त्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त १५.८ टक्क्यांनी तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. म्हणजे तो ठिपका आपल्या आकाशगंगेतला ताराच नव्हता. त्याचा प्रकाश सुमारे दोनशे कोटी वर्षं वाट चालून आला होता.

हे सरकणं, ही ताम्रसृती, सगळ्या कहाणीचं यंत्र आहे. प्रवासात विश्व प्रसरण पावत असतं आणि प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जात असते. समजा वाटेत वायूचे दहा ढग आहेत. प्रत्येक ढग आपल्या जागी नेमकी १२१.६ नॅनोमीटरचीच छटा कापतो. पण पहिल्या ढगानं कापलेली जागा दुसऱ्यापर्यंत येता येता ताणून पुढे सरकलेली असते, आणि दुसरा ढग नव्या जागी काप घेतो. पृथ्वीवर पोचलेल्या वर्णपटात दहा काप वेगवेगळ्या ठिकाणी, लांबच्या ढगाचा तांबड्याकडे आणि जवळच्याचा निळ्याकडे, असे ओळीनं मांडलेले सापडतात. एका ठिपक्याच्या प्रकाशात अख्ख्या वाटेचा नकाशा!

जॉन बाकॉल आणि एडविन सालपीटर यांनी १९६५मध्येच अशा रेषा सापडतील असं सुचवलं होतं. पुढच्याच वर्षी ‘३सी १९१’ या क्वेसारच्या प्रकाशात शोषणरेषा दिसल्याही. १९७१मध्ये रॉजर लिंड्स यांनी ‘४सी ०५.३४’ या तेव्हाच्या विक्रमी अंतरावरच्या क्वेसारच्या वर्णपटाकडे पाहिलं, तर लायमन-अल्फाच्या निळ्या बाजूला रेषांचा नुसता खच पडला होता. आज त्याला ‘लायमन-अल्फा जंगल’ म्हणतात. प्रत्येक झाड म्हणजे वाटेतला एक वायूचा पट्टा. १९६५मध्येच जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी याचा उलटा हिशेब मांडून ठेवला होता: लायमन-अल्फाच्या निळ्या बाजूलाही एवढा प्रकाश येतोच आहे, तर दीर्घिकांमधला बहुतेक सगळा हायड्रोजन इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असला पाहिजे. आपल्याला दिसतो तो लाखात एखादा उरलेला अणू.

इथे नशिबाची एक गंमत आहे. १२१.६ नॅनोमीटर हा अतिनील प्रकाश; आपलं वातावरण तो जमिनीपर्यंत येऊच देत नाही. त्यामुळे आजच्या, शेजारच्या वायूचं लायमन-अल्फा पाहायला हबलसारखी अंतराळातली दुर्बीण लागते. पण वायू हजार कोटी वर्षांपूर्वीचा असेल, तर तीच छटा तिपटीनं ताणून ३६५ नॅनोमीटरच्या पुढे येते आणि वातावरणाच्या खिडकीतून आत शिरते. म्हणजे उंबऱ्यावरच्या वायूसाठी रॉकेट उडवावं लागतं, आणि विश्वाच्या बालपणीच्या वायूसाठी हवाई बेटांवरची केक दुर्बीण पुरते.

एवढं सगळं हाती असताना एक प्रश्न मात्र अडून बसला होता. खुद्द क्वेसारच्या भोवती काय आहे? कृष्णविवराला एवढं खायला घालणारा वायू कुठून येतो? ज्या दीर्घिकांत क्वेसार पेटतात त्या त्या काळातल्या दांडग्या दीर्घिका. त्यांच्याभोवतीचं न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं प्रभामंडळ तीन लाख कोटी सूर्यांच्या वजनाचं. सिद्धांत सांगत होता की एवढ्या खोल खड्ड्यात कोसळणारा वायू आदळून तापेल, लाखो अंशांवर जाईल आणि तसाच राहील. शिवाय मधोमध क्वेसारची भट्टी. तिथे गार वायू कसा टिकावा?

क्वेसारच्याच प्रकाशात हे शोधायला गेलं तर फसगत होते. अंधारात कुणी बॅटरीचा झोत थेट आपल्या डोळ्यांवर धरला, तर झोताच्या वाटेतली धूळ तेवढी कळते. धरणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला काय आहे ते काहीच कळत नाही. क्वेसारचंही तसंच. तो आपल्याला दिसतो याचाच अर्थ त्याचा झोत आपल्याकडे वळलेला आहे, आणि त्या वाटेवरचा जवळपासचा हायड्रोजन त्यानं फोडून टाकलेला आहे. क्वेसारच्या अगदी जवळ जंगल विरळ होतं हे १९८०च्या दशकात मोजलंही गेलं होतं.

उपाय एकच: त्याच्या बाजूनं, त्याला चाटून जाणारा दुसरा प्रकाश शोधायचा. म्हणजे दुसरा क्वेसार, कितीतरी मागचा, पण आकाशात योगायोगानं पहिल्याच्या अगदी शेजारी दिसणारा. क्वेसार विरळा, आणि त्यातून अशी जोडी म्हणजे लॉटरीच. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या अडीच मीटर दुर्बिणीवर ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ सुरू झाला आणि क्वेसार हजारांनी सापडू लागले; पुढे ही यादी साडेसात लाखांवर गेली. तरीही जोड्या हाती येईनात, आणि त्याचं कारण अगदी कारखान्यातलं आहे. या सर्वेक्षणात अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीला भोकं पाडून प्रत्येक भोकात हातानं एक प्रकाशतंतू खोचायचे. प्रत्येक तंतूवर एका ठिपक्याचा प्रकाश. तंतूंच्या टोकाला जाडी असते. ५५ कोनीय सेकंदांपेक्षा जवळच्या दोन ठिपक्यांवर एकाच वेळी दोन तंतू बसत नाहीत. ५५ सेकंद म्हणजे चंद्राच्या व्यासाचा जेमतेम तिसावा भाग; पण हजार कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वात ते होतात पंधरा लाख प्रकाशवर्षं. हव्या होत्या त्या नेमक्या जोड्या त्या जाडीच्या आत अडकल्या होत्या!

जोसेफ हेनावी यांनी मग सर्वेक्षणाच्या छायाचित्रांतल्या रंगांवरून शेजारी-शेजारी बसलेले संशयित ठिपके वेचले आणि दुसऱ्या दुर्बिणींवर, आधी अपाची पॉइंटवरच्याच साडेतीन मीटरच्या आणि नंतर केक व जेमिनीसारख्या मोठ्या, एकेकाचा वर्णपट घेतला. झेवियर प्रोचास्का हे त्यांचे जोडीदार. २००६पासून त्यांनी ‘क्वेसार्स प्रोबिंग क्वेसार्स’ या नावानं एकामागून एक निबंध काढले. नाव चपखल आहे: क्वेसारनं क्वेसारची झडती.

झडतीत निघालं ते उलटंच. पुढच्या क्वेसारच्या बाजूनं गेलेल्या किरणांमध्ये गार वायू खच्चून भरलेला होता. ‘गार’ म्हणजे खगोलातलं गार, दहा हजार अंश. पण जिथे लाखो अंशांची अपेक्षा होती तिथे हे थंडगारच. साडेसहा लाख प्रकाशवर्षांच्या आतून जाणाऱ्या दर दहा किरणांपैकी सुमारे सहांना असा दाट हायड्रोजन आडवा आला. दाट म्हणजे इतका, की क्वेसारचा हायड्रोजन फोडणारा प्रकाश तो पार अडवून धरेल. आणि समोरून, म्हणजे पुढच्या क्वेसारच्या स्वतःच्या प्रकाशात पाहावं, तर असा वायू क्वचितच. एकाच दीर्घिकेचं आवार. बाजूनं पाहिलं तर भरलेलं, समोरून पाहिलं तर मोकळं.

वायूचा हिशेब केला तेव्हा तो किमान हजार कोटी सूर्यांच्या वजनाचा भरला, आणि नंतरच्या बारकाईच्या मोजणीत आकडा आणखी वर गेला. त्यात नुसता हायड्रोजन नव्हता. कार्बन, सिलिकॉन यांच्याही रेषा होत्या. कार्बनची एक खूण फार सोयीची: १५४.८ आणि १५५.१ नॅनोमीटरची जुळी रेघ. ताम्रसृतीनं ती कुठेही सरकली तरी दोघींमधलं प्रमाण तेच राहतं, त्यामुळे रेषांच्या गर्दीतही ती ओळखू येते. कार्बन फक्त ताऱ्यांच्या पोटात शिजतो. तेव्हा दीर्घिकेच्या केंद्रापासून पाच लाख प्रकाशवर्षांवरच्या या वायूत, सूर्यातल्या प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त जड मूलद्रव्यं मिसळलेली असतील, तर तिथला निदान काही माल कधीतरी ताऱ्यांतून जाऊन बाहेर फेकला गेलेला आहे. विश्वाचं वय तेव्हा आजच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होतं. ताऱ्यांनी एवढ्या लवकर एवढी लांबची मजल मारलेली होती.

संगणकावर दीर्घिका घडवणाऱ्यांची यानं पंचाईत झाली. २०१४मध्ये त्यांच्या नमुन्यांशी या जोड्यांची तुलना केली, तेव्हा नमुन्यातल्या क्वेसारांभोवती गार वायू पुरेसा पडेचना. दोन वर्षांनी ताऱ्यांच्या स्फोटांनी उडवलेला वायू जास्त बारकाईनं हिशेबात धरला, लहानसहान दीर्घिकांतून उडालेलासुद्धा, तेव्हा कुठे मेळ बसू लागला. निरीक्षणानं सिद्धांताला अशी तंबी दिली की मला बरं वाटतं.

या जोड्यांशी एक जुना वाद बांधलेला आहे, आणि त्यात आपल्याकडचंही एक नाव आहे. हॅल्टन आर्प यांचं म्हणणं होतं की वेगवेगळ्या ताम्रसृतीच्या गोष्टी आकाशात इतक्या जवळ दिसतात हा योगायोग नसून त्या खरोखरच शेजारी आहेत. ताम्रसृती म्हणजे अंतर, हे समीकरणच क्वेसारांना लागू पडत नसावं. जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनीही ही शंका दीर्घकाळ जिवंत ठेवली. शंका चुकीच्या बाजूला पडली, पण विचारायला हवीच होती. त्या आक्षेपाला जोड्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण ते इतकं साधं आहे. जास्त ताम्रसृतीच्या क्वेसारच्या प्रकाशात कमी ताम्रसृतीच्या क्वेसारभोवतीच्या वायूची रेघ सापडते. याउलट होत नाही. कोण पुढे आणि कोण मागे याचा याहून सरळ पुरावा काय असणार?

नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या ‘आयुका’ या संस्थेतून तर या रेषांवरचं अव्वल काम झालं. रघुनाथन श्रीआनंद, पॅट्रिक पेटिजाँ आणि सेड्रिक लेदू यांनी चिलीतल्या ‘व्हीएलटी’ दुर्बिणीतून एका क्वेसारच्या वाटेतला ढग निवडला, ताम्रसृती २.३४चा. त्यातले कार्बनचे अणू किती प्रमाणात किंचित वरच्या पातळीवर चढून बसलेत, हे त्यांनी शोषणरेषांवरून मोजलं. त्यांना वर चढवणाऱ्यांत विश्वाची पार्श्वभूमी ऊबही असते. त्यावरून त्या काळच्या विश्वाचं तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान निघालं. महास्फोटाचा सिद्धांत ९.१ सांगत होता. आज ते २.७ आहे. लहानपणी विश्व जास्त उबदार होतं, हे प्रत्यक्ष त्या काळच्या थर्मामीटरवर वाचलं गेलं. २०००च्या डिसेंबरात हे ‘नेचर’मध्ये आलं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही याच धाटणीचं काम करते, फक्त तिची छटा रेडिओतली: हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेघ.

आता परत त्या भरलेल्या-मोकळ्या आवाराकडे. एक स्पष्टीकरण झोताचं: कृष्णविवराभोवती धुळीचं जाड कडं असतं, क्वेसारचा प्रकाश दोन शंकूंतूनच बाहेर पडतो, आणि बाजूचा वायू सावलीत राहून गार राहतो. हे तपासता येतं. बाजूच्या वायूवर झोत पडत असता तर तो लायमन-अल्फात चकाकला असता. हेनावी-प्रोचास्कांनी ही चकाकी शोधली. अपेक्षेएवढी सापडली नाही. वायू सावलीतच असावा. झोत पडला की काय होतं तेही योगायोगानं कळलं: २०१४मध्ये सेबास्तियानो कँतालुपो आणि सहकाऱ्यांना ‘यूएम २८७’ या क्वेसारभोवती पंधरा लाख प्रकाशवर्षं पसरलेला चकाकता वायू केक दुर्बिणीत थेट दिसला.

दुसरं स्पष्टीकरण वेळेचं. बाजूला तीन लाख प्रकाशवर्षांवर असलेल्या वायूला क्वेसारचा प्रकाश पोचायला तीन लाख वर्षं लागतात. आपल्याला मात्र तो वायू आणि तो क्वेसार एकाच रात्री, एकाच क्षणीचे म्हणून दिसतात. तेव्हा वायूच्या अंगावर उमटलेला क्वेसार हा तीन लाख वर्षं जुना क्वेसार. क्वेसार जर त्यानंतर पेटला असेल, तर सावलीची गरजच नाही. प्रकाश अजून पोचलेलाच नाही.

कुठलं खरं, हे क्वेसार किती काळ तेवतो यावर ठरतं. २००३मध्ये पीटर याकोब्सेन आणि सहकाऱ्यांनी एका क्वेसारच्या प्रकाशात, वाटेतल्या हीलियमच्या जंगलात एक मोकळी जागा होती तिच्या शेजारी दुसरा क्वेसार शोधून काढला. एवढ्या लांबचा हीलियम फोडायचा तर त्या क्वेसारला निदान एक कोटी वर्षं तेवत राहायला हवं. त्या मानानं तीन लाख वर्षांचा उशीर किरकोळ, आणि झोताचं पारडं जड होतं. पण २०१७पासून अ‍ॅना-क्रिस्टिना आयलर्स आणि त्यांच्यासोबत हेच हेनावी यांनी विश्वाच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांतले असे क्वेसार गाठले आहेत, ज्यांच्याभोवतीचा मोकळा पट्टा फारच अरुंद आहे. एक लाख वर्षांहून जास्त काळ ते पेटलेले असते, तर तो पट्टा एवढा अरुंद राहिलाच नसता. म्हणजे एक तर काही क्वेसार आपण अगदी पेटता पेटता पकडले, नाहीतर क्वेसार सलग जळतच नाहीत, मधूनमधून विझतात. आणि विझत असतील, तर आवाराच्या बाजूला दिसणाऱ्या गार वायूपैकी किती सावलीतला आणि किती नुसता उशिराचा, हा हिशेब जोडीगणिक वेगळा मांडावा लागेल. एक जोडी म्हणजे एकच किरण, आणि किरणाची जाडी काही प्रकाशदिवसांची. पाच लाख प्रकाशवर्षांच्या आवारात टोचलेली एक सुई. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर २०२१पासून ‘डेसी’ नावाचं यंत्र पाच हजार तंतू रोबोंकरवी हलवतं आहे. तिथे भोकं पाडावी लागत नाहीत, आणि आजवर दुर्मीळ असलेल्या सुया आता मूठमूठभर हाती लागू लागल्या आहेत.